वाचकांचे प्रश्न : कोकणातील ग्रंथपुरस्कार आणि ते चालवणारी माणसे

मागील अंकात कोकणातील वाङ्मयीन पुरस्कारांविषयी एक छोटे निवेदन छापले होते. त्यानंतर या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख पुरस्कार कोणाला मिळाला याकडे नसून ते कोण देते, कशाच्या बळावर देते आणि कधीपासून देते याकडे आहे. हे कुतूहल आम्हाला मोलाचे वाटते, म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : कोकणात पुस्तकांना पुरस्कार देण्याची परंपरा किती जुनी आहे? हे काम सरकारी खात्याकडे न राहता हौसेने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडे कसे आले? (एक शिक्षिका, देवरुख)

मराठी ग्रंथांना बक्षीस देण्याची पहिली संघटित व्यवस्था सरकारीच होती आणि ती पुण्यात उभी राहिली. पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे, आणि १८१८ नंतर इंग्रज सरकारने ती प्रथा बरीच आटोपती घेऊन चालू ठेवली होती. या रकमेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा, अशी मागणी पुण्यातील सुधारकांनी १८४९ मध्ये अर्जाद्वारे केली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. पुस्तकाचे मोल पैशात करून लेखकाला सन्मानित करण्याची कल्पना मराठी समाजात रुजली ती तेथून.

कोकणची वाट मात्र वेगळी आहे. येथे आधी वाचनालये आली आणि पुरस्कार फार उशिरा आले. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, चिपळूणचे आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर म्हणून ओळखले जाणारे ग्रंथालय आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय ही दोन्ही १८६४ ची, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे. अशा संस्थांचा कारभार वकील, शिक्षक, कारकून आणि व्यापारी मंडळींनी आपापला व्यवसाय सांभाळून, संध्याकाळच्या वेळात, कोणताही मोबदला न घेता पिढ्यान्‌पिढ्या चालवला. वर्गणी गोळा करणे, हिशेब लिहिणे, इतिवृत्त ठेवणे, पुस्तकांची यादी करणे आणि व्याख्यानमालेसाठी पाहुणे आणणे या कामांचा सराव असलेला एक वर्ग त्यामुळे किनारपट्टीवरच्या प्रत्येक मोठ्या गावात तयार झाला. पुढे ग्रंथपुरस्कारांचा भार ज्यांनी उचलला ते लोक याच सरावातून आलेले आहेत, आणि माझ्या मते कोकणातील पुरस्कारांचा खरा इतिहास तेथूनच सुरू होतो.

उणीव होती ती संपूर्ण प्रदेशाला बांधणाऱ्या साहित्यसंस्थेची. पुण्याला १९०६ पासून महाराष्ट्र साहित्य परिषद होती, विदर्भाला १९२३ पासून साहित्य संघ होता, मुंबईला १९३५ पासून आणि मराठवाड्याला १९४३ पासून स्वतःची संस्था होती. इतके लेखक देणाऱ्या कोकणाला मात्र असे व्यासपीठ नव्हते. १९९० मध्ये रत्नागिरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि सिंधुदुर्गातील करूळ गावचे सुपुत्र मधु मंगेश कर्णिक त्याचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेची स्थापना झाली, आणि कोमसाप या सुटसुटीत नावाने ती आज ओळखली जाते. तालुक्यातालुक्यांत शाखा काढणे, मालगुंडला केशवसुतांच्या जन्मगावी स्मारक उभारणे, संमेलने भरवणे आणि वाङ्मयप्रकारांनुसार दरवर्षी ग्रंथपुरस्कार देणे ही कामे या परिषदेने अंगावर घेतली. त्या सुरुवातीच्या वर्षांत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग अजून सुरू व्हायचा होता, तो १९९८ मध्ये खुला झाला. सावंतवाडीहून ठाण्याला पुस्तकांचा गठ्ठा पोहोचवायचा म्हणजे टपाल किंवा एसटी एवढेच आधार होते, हे लक्षात घेतले म्हणजे शाखांचे हे जाळे विणणाऱ्यांच्या चिकाटीची कल्पना येते.

प्रश्न : या पुरस्कारांना जी नावे दिली आहेत त्यांतील काही आमच्या पिढीला परिचित नाहीत. ती कोणाची आहेत? (महाविद्यालयीन विद्यार्थी, खेड)

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण ही नावे नुसती उच्चारून पुढे जाण्याची सवय आता सर्वत्र पडली आहे. कोमसापच्या पुरस्कारांपैकी कादंबरीचा पुरस्कार र. वा. दिघे यांच्या, कथेचा वि. सी. गुर्जर यांच्या, कवितेचा आरती प्रभू यांच्या, चरित्र-आत्मचरित्राचा धनंजय कीर यांच्या, ललित गद्याचा अनंत काणेकर यांच्या, समीक्षेचा प्रभाकर पाध्ये यांच्या आणि बालवाङ्मयाचा प्र. श्री. नेरूरकर यांच्या स्मृतीशी जोडलेला आहे.

दिघे हे वकिलीचे शिक्षण घेतलेले, पण खोपोलीच्या परिसरात शेतीत रमलेले कादंबरीकार होते. डोंगरकपारीतले शेतकरी आणि आदिवासी यांचे जगणे त्यांनी मराठी कादंबरीत आणले. गुर्जरांच्या कथा ‘मनोरंजन’ मासिकामुळे घरोघरी पोहोचल्या. ते मासिक १८९५ मध्ये काढणारे काशीनाथ रघुनाथ मित्र हेही मूळचे आजगावकर, म्हणजे सावंतवाडी मुलखातलेच, आणि १९०९ चा पहिला दिवाळी अंक त्यांनीच काढला. धनंजय कीर यांचा जन्म १९१३ चा, रत्नागिरीचा. मुंबई महापालिकेत नोकरी करत असताना त्यांनी आंबेडकर, सावरकर, टिळक आणि फुले यांची चरित्रे लिहिली आणि १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पाध्ये लांज्याचे. १९८२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला त्यांचा ग्रंथ सौंदर्यशास्त्रावरचा आहे, म्हणजे अत्यंत अवघड विषयावरचा आहे.

आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ले आणि कुडाळच्या परिसरातले. त्यांचे निधन १९७६ मध्ये झाले आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या कवितेला १९७८ मध्ये, म्हणजे मरणोत्तर मिळाला. हयातीत या कवीच्या वाट्याला आर्थिक ओढाताण बरीच आली. म्हणून त्यांच्या नावाचा पुरस्कार एखाद्या पहिल्यावहिल्या संग्रहाला मिळतो, तेव्हा तो योग्य वेळी दिलेला आहे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : पुस्तकांची निवड नेमकी कशी होते? “ओळखीच्यांनाच मिळतात” असे लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे का? (एक लेखक, अलिबाग)

प्रत्येक संस्थेचे बारीकसारीक नियम वेगळे असले तरी कामाची पद्धत बरीचशी सारखी आहे. जानेवारी ते डिसेंबर या काळात प्रसिद्ध झालेल्या प्रथमावृत्त्या मागवण्याचे आवाहन वर्तमानपत्रांतून केले जाते आणि लेखक किंवा प्रकाशक प्रत्येक पुस्तकाच्या दोन किंवा तीन प्रती पाठवतात. कोणीतरी एक कार्यकर्ता, बहुधा निवृत्त शिक्षक किंवा ग्रंथपाल, त्या आपल्या घरी उतरवून घेतो, नोंदवहीत लेखक, प्रकाशक आणि प्रकाशनाचे वर्ष लिहितो, वर्षाच्या अटीत न बसणारी पुस्तके बाजूला काढतो आणि उरलेल्यांची वाङ्मयप्रकारानुसार विभागणी करतो.

ही विभागणी वरवर यांत्रिक वाटते, परंतु अनेक वादांचे मूळ तिच्यातच असते. बंदरावरच्या बालपणाच्या आठवणी सांगणारे पुस्तक आत्मचरित्र मानायचे की ललित गद्य? देवस्थानाचा इतिहास, गावाचा इतिहास, मासेमारीची किंवा आंबा-काजूच्या लागवडीची माहिती देणारे पुस्तक कोठे ठेवायचे? यासाठी बहुतेक ठिकाणी ‘संकीर्ण’ असा एक वर्ग असतो, आणि माझ्या मते कोकणातील सर्वांत मौलिक पुस्तके पुष्कळदा याच वर्गात येऊन पडतात, कारण तीच या प्रदेशाची माहिती पहिल्यांदा कागदावर आणतात. कवितासंग्रहांचा ढीग नेहमी सर्वांत उंच असतो, समीक्षेच्या पुस्तकांचा सर्वांत लहान. त्यामुळे कवितेच्या परीक्षकाला डोळे दुखेपर्यंत वाचावे लागते, तर समीक्षेच्या परीक्षकापुढे कधीकधी निवडीला पुरेशी पुस्तकेच नसतात.

परीक्षकांनी स्वतंत्रपणे वाचावे, परस्परांशी चर्चा न करता आपला क्रम लेखी द्यावा आणि त्यानंतरच एकत्र बसावे ही पद्धत उत्तम, आणि जेथे ती पाळली जाते तेथील निर्णय सहसा टिकतात. परीक्षकांना मिळणारे मानधन कोठे नाममात्र असते, कोठे नसतेच, आणि प्रवासखर्चही अनेकजण मागत नाहीत. नोकरी, शेती आणि घर सांभाळून पन्नास-साठ पुस्तके पानोपान वाचणाऱ्या माणसाकडे आपण संशयाने पाहण्यापूर्वी त्याने दिलेल्या तासांचा विचार केला पाहिजे.

तरीही आपल्या शंकेला उत्तर द्यायलाच हवे. कोकणचे साहित्यविश्व लहान आहे. परीक्षक, लेखक आणि पदाधिकारी एकमेकांना संमेलनात, लग्नकार्यात आणि शिमग्याला भेटतात. ओळख टाळता येणार नाही, म्हणून नियम कडक हवेत. पदावर असलेल्या व्यक्तीचे पुस्तक त्या कार्यकाळात विचारात घेऊ नये, परीक्षकाचा लेखकाशी नातेसंबंध असल्यास त्याने तो वर्ग सोडावा, परीक्षकांची नावे निकालानंतर जाहीर व्हावीत आणि निवडलेल्या पुस्तकाविषयीचे परीक्षकांचे टिपण छापले जावे. या चार गोष्टींपैकी शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते. “या पुस्तकात आम्हाला काय आढळले” हे अर्धे पान जरी लिहिले तरी न मिळालेल्या लेखकालाही आपले पुस्तक कोणत्या निकषांवर तोलले गेले हे कळते, आणि वाचकाला ते पुस्तक शोधण्याचे कारण मिळते. पात्र पुस्तक नसेल त्या वर्षी तो पुरस्कार राखून ठेवण्याचे धैर्यही संस्थेने दाखवले पाहिजे. देणगीदाराला वाईट वाटेल या भीतीने दिलेला पुरस्कार त्या देणगीदाराच्या आप्ताच्या नावालाच कमीपणा आणतो.

प्रश्न : माझा जन्म लालबागचा, गाव राजापूर तालुक्यातले. वर्षातून गणपतीला आणि मे महिन्यात गावी जातो. मी ‘कोकणातील लेखक’ ठरतो का? (मुंबई)

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. गिरण्यांच्या आणि गोदीच्या नोकऱ्यांसाठी कोकणातील लाखो माणसे मुंबईत गेली, त्यांच्या मनीऑर्डरींवर येथील घरे चालली आणि त्यांच्या मुलानातवंडांनी लिहिलेल्या पुस्तकांत गाव येतो तो बहुधा सुट्टीतला गाव असतो. जन्म, वास्तव्य किंवा पुस्तकाचा विषय यांपैकी कशाला धरून पात्रता ठरवायची याविषयी संस्थांत एकवाक्यता नाही. कोमसापने मुंबईला आपल्या कार्यक्षेत्रात धरले आहे आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा पट्टा मुंबईसह एक मानला आहे. ही व्याख्या मला रास्त वाटते, कारण चाकरमान्यांना वगळून कोकणाचे साहित्य पूर्ण होऊच शकत नाही. एखाद्या जिल्ह्यापुरता किंवा तालुक्यापुरता असलेला पुरस्कार मात्र स्थानिक रहिवाशांसाठी राखलेला असू शकतो. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून १९८१ मध्ये आणि पालघर जिल्हा ठाण्यापासून २०१४ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे जुन्या परिचयपत्रांतला ‘रत्नागिरी जिल्हा’ आजच्या सिंधुदुर्गातला असू शकतो. आवाहनातील अटी वाचून, शंका असल्यास कार्यवाहांना पत्र लिहून मगच प्रती पाठवाव्यात.

प्रश्न : मालवणीत लिहिलेल्या पुस्तकांना प्रमाण मराठीतील पुस्तकांच्या रांगेत न्याय मिळतो का? (वेंगुर्ले)

मालवणी रंगभूमीवर गंगाराम गवाणकर आणि मच्छिंद्र कांबळी यांनी जे यश मिळवले त्याने बोलीला प्रतिष्ठा दिली, आणि वि. कृ. नेरूरकरांसारख्या कवींनी तिच्यात गंभीर आशयही पेलता येतो हे दाखवले. छापील पुस्तकाचे मात्र वेगळे आहे. रंगमंचावर कानाला गोड लागणारी बोली कागदावर वाचताना बाहेरच्या परीक्षकाला अडखळायला होते, आणि तो नकळत तिच्यातील विनोद तेवढा टिपतो, दुःख निसटते. शिवाय कोकणात बोली एकच नाही. वसईकडची सामवेदी म्हणजेच कादोडी, रायगड-ठाण्याकडची आगरी, रत्नागिरीकडची संगमेश्वरी आणि दक्षिणेची मालवणी यांत एकाच्या कानाला दुसरी परकी वाटावी इतका फरक आहे. ती बोली घरात बोलणारा एक तरी परीक्षक अशा पुस्तकासाठी असावा, आणि त्याने निवडक पाने सहपरीक्षकांना मोठ्याने वाचून दाखवावीत. माझ्या मते बोलीतील पुस्तकांना स्वतंत्र वर्गात बसवण्यापेक्षा हा उपाय अधिक न्याय्य आहे, कारण चांगली मालवणी कविता ही प्रथम चांगली कविता असते आणि तिचे स्थान कवितेच्याच रांगेत असले पाहिजे.

प्रश्न : पुरस्कारांच्या रकमा इतक्या लहान का? (दापोली)

कारण बहुतेक स्मृती पुरस्कार मुदत ठेवीच्या व्याजावर चालतात. देणगीदार एकदा रक्कम देतो, संस्था ती बँकेत ठेवते आणि दरवर्षीच्या व्याजातून पुरस्कार देते. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. त्या दराने ५,००० रुपयांचा पुरस्कार चालवायला सुमारे ४२ हजारांची ठेव पुरत होती. व्याज साडेसहा टक्के धरले तर त्याच पुरस्काराला सुमारे ७७ हजार लागतात. ठेव तेवढीच राहिली आणि दर उतरले, आणि इकडे सभागृहाचे भाडे, सन्मानचिन्हे आणि छपाई महाग झाली. ही तूट कार्यकर्ते दरवर्षी स्वतःच्या खिशातून किंवा गावातल्या दुकानदारांकडून भरून काढतात. टपालाचीही भर पडली आहे. लेखकांना परवडणारी रजिस्टर्ड बुक पोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि लहान प्रकाशकाला तीन प्रती पाठवण्याचा खर्च जाणवू लागला. शाखांनी आपापल्या तालुक्यातील प्रती एकत्र गोळा करून एकदाच पाठवाव्यात, ही सूचना मी येथे आग्रहाने करतो.

प्रश्न : पुरस्कारासाठी आलेल्या प्रतींचे पुढे काय होते? (कणकवली)

परीक्षण झाल्यावर त्या सहसा संस्थेच्या किंवा शाखेच्या ग्रंथसंग्रहात जातात, आणि काही ठिकाणी गावातील वाचनालयाला दिल्या जातात. कोकणात स्वखर्चाने काढलेल्या, कोठल्याही मोठ्या दुकानात न पोहोचणाऱ्या पुस्तकांचे प्रमाण मोठे असल्यामुळे असा संग्रह म्हणजे या प्रदेशाच्या लेखनाचे दफ्तरच असते. त्याची छापील किंवा संगणकीय यादी करणे आणि एकेक प्रत दुसऱ्या गावी ठेवणे आवश्यक आहे. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या महापुरात चिपळूणच्या वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेचे किती नुकसान झाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

प्रश्न : माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या स्मरणार्थ गावच्या वाचनालयामार्फत एक ग्रंथपुरस्कार सुरू करावा असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. कशी सुरुवात करावी? (गुहागर)

आपल्या संकल्पाबद्दल प्रथम अभिनंदन. शिक्षकाच्या नावाला बालवाङ्मय किंवा विद्यार्थ्यांसाठीचे माहितीपर लेखन शोभेल आणि त्या वर्गात पुरस्कारांची गरजही आहे.

रकमेचा विचार करण्याआधी वाचणारी माणसे शोधावीत. तीन परीक्षक पाच वर्षे सांभाळणार असतील तरच घोषणा करावी, कारण थाटामाटात सुरू होऊन दोन वर्षांत खंडित झालेले पुरस्कार आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. दरवर्षी झेपणार नसेल तर एक वर्षाआड द्यावा, परंतु ठरलेल्या वर्षी चुकवू नये. वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे का ते पाहावे. असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ नुसारच ठेव गुंतवावी लागते, आणि हिशेब तपासनिसाला ती स्वतंत्र निधी म्हणून दाखवावी लागते. शासनाचे ग्रंथालय अनुदान वेतन, ग्रंथखरेदी आणि ठरावीक खर्चासाठी असते, तेव्हा पुरस्काराचा खर्च त्यातून भागेल असे गृहीत धरू नये.

देणगीपत्र लेखी असावे. व्याज कमी झाल्यास पुरस्काराची रक्कम कमी करायची की ठेवीत भर घालायची, पात्र पुस्तक न आल्यास व्याज कोठे वळवायचे आणि वाचनालय बंद पडल्यास निधी कोणाकडे सोपवायचा, या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट लिहाव्यात. परीक्षकांच्या निवडीत कुटुंबाने हस्तक्षेप करू नये, हेही त्यातच नमूद करावे. असे लिहून ठेवले तर आपल्या मनावरचाही भार हलका होईल. एवढे झाल्यावर वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा, तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि त्याची सही-शिक्क्याची एक प्रत घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावी. पुढील वर्षी जानेवारीत पहिले आवाहन काढायचे असेल तर हा ठराव यंदाच्या सभेत होणे आवश्यक आहे.